मौनाचें माप

विद्यार्थी अध्ययनांत कितपत रमतो, हें अंकांनीं सांगतां येईल काय? अमेरिकेंतील सामुदायिक महाविद्यालयांकरितां ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठांत २००१ सालीं या हेतूनें एक पाहणी सुरू झाली. वर्गांत प्रश्न किती वेळां विचारलेस, अध्यापकांशीं वर्गाबाहेर चर्चा किती वेळां केलीस, असें विद्यार्थ्यास पुसावयाचें आणि ‘वारंवार’पासून ‘कधींच नाहीं’पर्यंतच्या चार उत्तरांतून त्यानें एक निवडावयाचें, अशी तिची रीति. ही रीति आम्ही त्याज्य मानीत नाहीं. केवळ उत्तीर्णांच्या संख्येपेक्षां ती शिक्षणाच्या अधिक जवळ जाते. परंतु या महाविद्यालयांतले पुष्कळ विद्यार्थी नोकरी व संसार सांभाळून शिकतात. तास संपतांच कामावर धांवणारा चर्चा करणार कधीं? त्याचें ‘कधींच नाहीं’ अनास्थेचें कीं अडचणीचें, तें अंक सांगत नाहीं. आम्ही स्वतः मागल्या बांकावरच्या अबोल मुलांस कित्येक वर्षें उदासीन समजत आलों; त्यांतल्या एकाची वही एकदां सहज चाळली, तेव्हां आमची आम्हांसच लाज वाटली. अंक कमी आला, तर विद्यार्थ्यास दोष देण्यापूर्वीं, त्याला सवड केव्हां असते हें आपण कधीं विचारलें होतें काय, असें शिक्षकानें स्वतःस पुसावें.