रेघ पुढे वाढवण्याआधी

पेण तालुक्यातल्या हमरापूरला तारखेचे महत्त्व कुणी शिकवायला नको. हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या पट्ट्यात गणपतीचे कारखाने पसरलेले आहेत आणि तिथले वर्षभराचे गणित एकाच दिवसाभोवती फिरते. त्या दिवसाच्या काही तारखा पाहा. २०१८ साली गणेश चतुर्थी १३ सप्टेंबरला होती, २०१९ साली २ सप्टेंबरला, २०२० साली २२ ऑगस्टला. आलेखकागदावर हे तीन ठिपके मांडून जोडले, तर पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ दर वर्षी अकरा दिवसांनी खाली उतरते. तीच रेघ तशीच पुढे नेली, तर २०३० साली गणपती मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बसवावे लागतील.

हे ऐकून त्या पट्ट्यातले शाळकरी पोरही हसेल. २०२१ साली चतुर्थी १० सप्टेंबरला आली, २०२२ साली ३१ ऑगस्टला, २०२३ साली १९ सप्टेंबरला, २०२४ साली ७ सप्टेंबरला, २०२५ साली २७ ऑगस्टला. आणि २०२६ ची तारीख १४ सप्टेंबर. रेघ दोन-तीन वर्षे उतरते, मग एकदम अठरा-एकोणीस दिवस वर उडी घेते. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सौरवर्ष ३६५ दिवसांहून थोडे मोठे. साचत जाणारा फरक अधिक मास भरून काढतो आणि आलेखाला करवतीसारखे दात येतात. पोराला हसू येते ते त्याला आलेख वाचता येतो म्हणून नव्हे. रेघेमागची यंत्रणा त्याला ठाऊक असते, म्हणून.

मला वाटते, शाळेतल्या भूगोलात आलेखवाचनाचा खरा प्रश्न इथे आहे. आमच्या पाठ्यपुस्तकांत आलेखांची कमतरता नाही. दहावीचे पुस्तक भारत आणि ब्राझील यांची तुलना करते, तेव्हा तापमान आणि पर्जन्याचे आलेख ओघाने येतातच. परीक्षेत त्यांवर प्रश्नही असतात: सर्वाधिक पाऊस कोणत्या महिन्यात पडतो, तापमानकक्षा किती आहे, कोणते ठिकाण विषुववृत्ताच्या जवळ असेल. शीर्षक, प्रमाण, क्ष-अक्ष, य-अक्ष यांना गुण असतात. हे सगळे आवश्यकच आहे. ज्याला स्तंभाची उंची मोजता येत नाही त्याच्याशी पुढचे बोलणे व्यर्थ. पण या प्रश्नांची उत्तरे कागदावर डोळे फिरवून सापडतात. ही रेघ अशी का हलते, कुठे मोजली, कुठून कुठपर्यंत दाखवली आणि तिच्यात काय दिसू शकत नाही, हे प्रश्न क्वचितच येतात. रेघ पुढे वाढवण्याचा अधिकार मात्र या प्रश्नांतून मिळतो.

करवतीसारखा दिसणारा आणखी एक आलेख जगप्रसिद्ध आहे. हवाई बेटांवरच्या मौना लोआ इथे १९५८ पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड सातत्याने मोजला जातो. उत्तर गोलार्धातली झाडे उन्हाळ्यात वायू शोषतात, हिवाळ्यात तो पुन्हा वाढतो. म्हणून दर वर्षी एक दात. गणपतीच्या तारखांची करवत जवळपास आडवी पडलेली असते, ही मात्र चढणीवर आहे. सुरुवातीला दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग असलेले प्रमाण आता ४२० च्या पुढे गेले आहे. मे ते सप्टेंबर एवढाच तुकडा कापून दाखवला, तर हा आलेखही उतरता दिसेल. १९९८ हे तीव्र एल निनोचे, म्हणून विलक्षण उष्ण वर्ष. तिथून पुढची थोडी वर्षे घेऊन ‘तापमानवाढ थांबली’ असे सांगणारे आलेख एके काळी बरेच फिरले. त्यांतले आकडे खोटे नव्हते, तुकडा सोयीचा होता. २०१८ ते २०२० एवढ्याच तारखा दाखवून गणपती मे महिन्यात नेणे आणि हे, यांत तत्त्वतः फरक नाही.

गंमत अशी, की गणपतीची करवतही पूर्ण आडवी नाही. पंचांगाचे वर्ष नाक्षत्र असल्यामुळे ते ऋतुचक्रापेक्षा किंचित लांब आहे, आणि साठ-सत्तर वर्षांत साधारण एक दिवस एवढ्या संथ गतीने सगळे सण पुढे सरकतात. मकरसंक्रांत १४ जानेवारीवरून १५ कडे झुकताना दिसते ती याचमुळे. नऊ ठिपक्यांत हे कधीच दिसणार नाही; त्यासाठी काही पिढ्यांची नोंद हवी. एकाच आलेखात जवळून पाहिले की एक गोष्ट दिसते आणि लांबून पाहिले की दुसरी, हे मुलाला स्वतःच्या गावच्या सणावरून कळू शकते.

खाडीकडच्या गावांत तर कागदाशिवायचा आलेख पूर्वापार वापरात आहे. तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. बीजगणिताच्या भाषेत हे सरळ रेषेचे समीकरण झाले, चढ पाऊण तास. आता मुलांना ते आखायला सांगावे. पौर्णिमेला उत्तर येते सव्वाअकरा आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला पाऊण वाजता. म्हणजे एका दिवसात दीड तासाची उडी, आणि समुद्र तर अशी उडी मारत नाही. कारण सोपे आहे. पंधरा तिथींत बारा तास सरकायचे तर दर तिथीला ४८ मिनिटे हवीत. नियम तोंडी हिशेबाच्या सोयीसाठी ४५ धरतो. रोजची तीन मिनिटे पंधरवड्यात पाऊण तास होतात. शिवाय उधाणाच्या दिवसांत भरती रोज कमी सरकते, भांगाच्या दिवसांत जास्त, म्हणून खरी रेघ सरळ नाहीच. मुंबई बंदरातली भरतीची लाट धरमतरच्या खाडीतून आत यायला आणखी वेळ घेते. आणि हा नियम फक्त वेळ सांगतो, पाण्याची उंची सांगत नाही. खारबंदिस्तीच्या बांधाला धोका किती, हे उंचीवर, वाऱ्यावर आणि नदीतून त्याच वेळी उतरणाऱ्या पुरावर ठरते.

यामुळे नियम खोटा ठरत नाही. होडी कधी काढायची, जाळे कधी लावायचे, एवढ्यासाठी तो पुरेसा आहे. कोणत्या कामाला किती अचूकता पुरते, हे त्याच्या वापरातूनच शिकता येते.

मापन कुठे झाले हा प्रश्न किती मोलाचा, याचे उत्तम उदाहरणही रायगड जिल्ह्यातच आहे. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ सालची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले. विजेचा प्रवाह स्वतःच चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. म्हणजे पृथ्वीची म्हणून जी रेघ उमटायची, तिच्यात ट्रामचे वेळापत्रक मिसळले असते. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांनी १९०४ साली अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी केली, इमारतीसाठी चुंबकीय गुणधर्म नसलेला दगड निवडून. पण त्याहून शहाणपणाची गोष्ट पुढची. कुलाबा लगेच बंद केले नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या. दोन जागांतला फरक त्यामुळे कळला आणि जुन्या-नव्या नोंदी एका मालिकेत जोडता आल्या. ट्राम १९०७ साली धावू लागली, तोवर काम झालेले होते. अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे. पेणच्या मुलाला एसटीने जाऊन पाहता येईल इतकी ती जवळ आहे.

मग येतो सरासरीचा प्रश्न. २६ जुलै २००५ च्या पावसाची चोवीस तासांची नोंद सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर होती आणि त्याच शहरातल्या कुलाब्याला सुमारे ७३. दोन्हींची सरासरी येते सुमारे ५०९. म्हणजे दोन्ही ठिकाणी न पडलेला पाऊस. पुस्तकातल्या आलेखात जुलैचा एक उंच निळा स्तंभ असतो. त्या स्तंभात कोणता दिवस दडला आहे, ते दिसत नाही. रायगडमधल्या दरडी मात्र महिन्याच्या हिशेबाने कोसळल्या नाहीत. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातली गावे, २२ जुलै २०२१ रोजी तळिये, १९ जुलै २०२३ रोजी इर्शाळवाडी. मासिक सरासरीचा आलेख शेतीचा हंगाम समजायला उपयोगी आहे. डोंगराखालच्या वस्तीला तासांचा आणि दिवसांचा आलेख लागतो.

यावर शिक्षकांची हरकत मला माहीत आहे आणि ती रास्त आहे. अभ्यासक्रम लांब, तास थोडे. लाखो उत्तरपत्रिका तपासायच्या तर उत्तर ठरावीक हवे. ‘का’ आणि ‘कदाचित’ यांना गुण देणे अवघड. पण चौकस प्रश्नाचे उत्तरही ठरावीक असू शकते. आलेखाखाली चार विधाने द्यावीत आणि विचारावे, यांपैकी कोणते या आलेखावरून सांगता येत नाही? एकाच माहितीचे वेगवेगळ्या प्रमाणांत काढलेले दोन आलेख द्यावेत आणि विचारावे, कोणत्या रेघेचा चढ खरोखर जास्त आहे? उत्तर एकच: दोन्ही सारख्याच. शाळेच्या आवारात साधे पर्जन्यमापक ठेवले, तर जूनमध्येच मुलांना कळते की रविवारी कुणी नोंद घेतली नाही, तर सोमवारचा स्तंभ विनाकारण उंच होतो. इतरांच्या आलेखाविषयी योग्य शंका घेण्याची सवय अशी स्वतःच्या नोंदीतून लागते. नाहीतर शंका घेण्याऐवजी सगळेच आकडे थोतांड म्हणून झटकणे सोपे जाते. आंधळा विश्वास आणि सरसकट अविश्वास या दोन्हींत आलेख वाचण्याचे कष्ट टळतात.

हे कष्ट परीक्षेपुरते राहत नाहीत. नदीकाठी घर बांधताना पूररेषेचा नकाशा समोर येतो. निळी रेषा २५ वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतल्या. ‘शंभर वर्षांत एकदा’ ऐकून माणूस म्हणतो, गेल्या खेपेला येऊन गेला, आता नातवंडांपर्यंत काळजी नाही. त्या शब्दांचा अर्थ वेगळा आहे: दर वर्षी शंभरात एक शक्यता, काल पूर आलेला असला तरी. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता मग चारात एकाच्या आसपास जाते. शिवाय ही रेषा मागच्या नोंदींवरून काढलेली असते आणि पाऊस पूर्वीसारखाच पडेल असे गृहीत धरते. म्हणजे तीही पुढे वाढवलेली रेघच. दहावीनंतर बहुतेकांचा भूगोल सुटतो, पण या रेषेच्या आत की बाहेर राहायचे, हे ठरवण्याची वेळ त्यानंतरच येते.