आजीच्या बटव्याचे साक्षीदार

माणगाव परिसरातल्या कुठल्याही जुन्या घराच्या आठवणींत आजीचा बटवा असतोच. सहाणेवर उगाळलेली बाळगुटी, पोटदुखीला ओवा, खोकल्याला अडुळसा, जखमेवर हळद. त्या आठवणींत औषधाच्या चवीपेक्षा उगाळणारा हातच जास्त लक्षात राहिलेला असतो. म्हणूनच ‘आजीचं औषध खरंच लागू पडत होतं का?’ हा प्रश्न अनेकांना कृतघ्नपणाचा वाटतो. तो तसा आहे का?

बटव्याची बाजू घेताना हळदीच्या पेटंटचा दाखला हटकून दिला जातो. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिलं गेलं. भारताच्या सीएसआयआरने आव्हान दिल्यावर १९९७ मध्ये ते रद्द झालं. पण त्या निकालाने एवढंच ठरलं, की हा वापर आपल्याकडे जुना आहे. जुनं म्हणजे गुणकारी, हे त्याने ठरत नाही.

आता विंचवाचं घ्या. कोकणातला लाल विंचू पेंढ्यात, लाकूडफाट्यात दडून असतो. तो चावला की कुणी कांदा चोळायचं, कुणी मंत्राने विंचू ‘उतरवायचं’. बहुतेक माणसं वाचायची, कारण बहुतेकांना नुसती वेदना होते आणि ती आपोआप ओसरते. श्रेय मात्र उतरवणाऱ्याला मिळायचं. काहींना, विशेषतः लहान मुलांना, दरदरून घाम फुटायचा, हातपाय गार पडायचे, फुप्फुसांत पाणी साठायचं. मूल दगावलं की दोष नशिबाला. ‘मला आजीने वाचवलं’ हे सांगायला वाचलेलेच उरले. जी मुलं गेली त्यांना नातवंडं झाली नाहीत. त्यांची गोष्ट कोण सांगणार?

ती गोष्ट शेजारच्या महाड तालुक्यात एका डॉक्टरने ऐकली. १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणं टिपली. त्यावरचं त्यांचं लेखन १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं. पुढे रक्तदाबावरचं प्राझोसिन त्यांनी विंचूदंशावर वापरलं आणि मृत्यू खूप कमी झाले. तरी ते तिथे थांबले नाहीत. प्राझोसिनला प्रतिविषाची जोड दिली तर रुग्ण लवकर सावरतो, हे त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडलं. स्वतःच्याच औषधाला त्यांनी प्रश्न विचारला. याला कुणी कृतघ्नपणा म्हणणार नाही.

उशाशी रात्र जागवणं आजीलाही येत होतं. हाताशी जे होतं ते तिने दिलं. तिचं ऋण मानायचं ते त्या जागण्याचं. त्यासाठी कांद्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. आज विंचवाने कळवळणाऱ्या मुलाला घरच्या उपायांत अडकवून दवाखान्यात न्यायला उशीर केला, तर त्यात आजीचा मान राहत नाही. नातवंड वाचावं, एवढंच तिला हवं होतं.