दोष देण्याआधी विचारा

इच्छा नसतानाही माणूस पापाकडे का ओढला जातो, असा प्रश्न गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो. श्रीकृष्ण कामक्रोधाला वैरी ठरवतात आणि हा वैरी इंद्रिये, मन व बुद्धी यांत ठाण मांडून असतो हेही सांगतात. त्याला जिंकण्याची वाट त्यानंतर येते. आधी ठावठिकाणा, मग उपाय. व्यसनात अडकलेल्या माणसासमोर बसणाऱ्या समुपदेशकाने हाच क्रम पाळावा, असे माझे म्हणणे आहे. काय घेता, किती, कधीपासून, कशासोबत, हे दोष न देता नेमके विचारणे याला मी नैतिक कर्म मानतो, आणि उपदेशापेक्षा ते अवघड आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘ऑडिट’ या प्रश्नावलीत दारूविषयी १० प्रश्न आहेत. गुण ० ते ४०, आणि ८ किंवा अधिक गुण ही धोक्याची खूण. “रोज एकच क्वार्टर, जास्त नाही,” असे सांगणारा बहुधा खोटे बोलत नसतो; त्याला ते खरोखर थोडेच वाटते. पण १८० मिलिलिटर व्हिस्कीत साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते, म्हणजे या प्रश्नावलीच्या मापाने सहा पेये. आणि एका बैठकीत सहा किंवा अधिक पेये किती वेळा होतात, हाच तिचा तिसरा प्रश्न आहे. सकाळी हात थरथरतात का, घोटभर घेतल्यावर थांबतात का, या प्रश्नावर तर जीव अवलंबून असतो. शरीराला सवय जडल्यावर दारू एकदम तोडली, तर पहिल्या एक-दोन दिवसांतच फिट येऊ शकते, पुढे भ्रम होऊन माणूस दगावूही शकतो. अशाला डॉक्टरकडे न नेता “माळ घाल, आजपासून बंद” असे सांगणारा कितीही सात्त्विक असो, तो त्याला संकटात लोटतो. झोपेच्या गोळ्या चालू आहेत का, जगणे नकोसे वाटते का, घरात फवारणीचे औषध हाताशी असते का, हेही विचारायलाच हवे.

यावर पहिला आक्षेप असा, की दोष काढून घेतला की जबाबदारीही जाते. बौद्धांच्या पंचशीलात मद्य वर्ज्य आहे, १९५६ साली नागपूरला डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांतही ते आहे. मग समुपदेशकाने मवाळ का व्हावे? पण प्रतिज्ञा माणूस स्वतः घेतो आणि ती पुढच्या आयुष्याची असते. ती पेलायची तर आपण नेमके कशात अडकलो आहोत हे त्याला कळलेले असावे लागते, आणि चौकशी तेच करते. शिवाय व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेल्या अमेरिकन सैनिकांपैकी बहुतेक मायदेशी परतल्यावर पुन्हा त्यात अडकले नाहीत, असे ली रॉबिन्स यांच्या अभ्यासात आढळले. याचा अर्थ, परिस्थितीचा वाटा मोठा असतो, आणि परिस्थिती विचारल्याशिवाय दिसत नाही. कोणत्या वेळी, कोणाच्या संगतीत, कोणत्या ताणात हात बाटलीकडे जातो हे ज्याला उमगले, त्याच्यावर जबाबदारी खऱ्या अर्थाने टाकता येते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मार खाणाऱ्या बायकोसमोर, उपाशी झोपणाऱ्या मुलांसमोर ही तटस्थता अन्यायाची नाही का? दोष न देणे म्हणजे डोळेझाक असती, तर हा आक्षेप मला मान्य करावाच लागला असता. मात्र घरात मारहाण होते का, मुले सुरक्षित आहेत का, हे प्रश्न जोखमीच्या चौकशीतच येतात. म्हणूनच बोलणे गुप्त राहील, पण कोणाच्या जिवाला धोका दिसला तर राहणार नाही, हे समुपदेशकाने सुरुवातीलाच स्पष्ट सांगितले पाहिजे. निवाड्याच्या भीतीने माणूस आकडा लपवतो, आणि त्या लपलेल्या आकड्याची किंमत बहुतेक वेळा घरचेच मोजतात. ज्यांना पीडितांची खरी काळजी आहे, त्यांनी तरी पिणाऱ्याला खरे बोलता येईल अशी जागा मागावी. करुणा आणि न्याय दोघांनाही इथे आधी सत्याचीच गरज आहे.