बिनहिशेबी सुख

सुखाचा उपभोग घेत असतां त्याची किंमत मनांत आणूं नये, असें व्यवहारी शहाणपण सांगतें. आणि किंमत विसरून घेतलेलें सुख बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी माथ्यावर उभें असतें, असें नीतिशास्त्र सांगतें. या दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. त्यांपैकीं कोणतें कोठवर मानावें, हा प्रश्न जुनाच. परंतु आपल्या काळांत तो एका नव्या वेषानें पुढें आला आहे. समुद्रकिनाऱ्यावरील ज्या विश्रामस्थानांस ‘ऑल-इन्क्लूझिव्ह रिसॉर्ट’ म्हणतात, त्यांविषयीं मी बोलत आहें. राहणें, जेवण, पेयें, खेळ, करमणूक या सर्वांचे पैसे घरून निघण्यापूर्वीं एकदांच भरावयाचे. तेथें गेल्यावर मनगटाला एक रंगीत पट्टी बांधून घ्यावयाची. आणि मग परत निघेपर्यंत खिशांत हात घालावयाचा नाहीं. पैसा द्यावा लागत नाहीं, एवढीच ही सोय नव्हे. पैशाचा विचारही मनांत येऊं नये, ही तेथें विकली जाणारी खरी वस्तु आहे.

ही कल्पना मुळांत हीन नव्हती, हें प्रथम सांगितलें पाहिजे. १९३६ सालीं बिली बटलिन यानें इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर स्केगनेस येथें सामान्य नोकरदारांसाठीं सुटीची छावणी उघडली, तेव्हां आठवड्याच्या पगारांत आठवड्याची सुटी, अशी तिची जाहिरात होती. १९५० सालीं जेरार्ड ब्लिट्झ या बेल्जियन गृहस्थानें माजोर्का बेटावर आल्कुदिया येथें तंबू ठोकून ‘क्लब मेडिटेरानी’चें पहिलें गांव वसविलें. महायुद्ध संपून तेव्हां पांचच वर्षें झालीं होतीं. पुढें या गांवांतून पेयांचे पैसे नाण्यांऐवजीं गळ्यांतील माळेच्या मण्यांनीं चुकविण्याची रीत पडली. पाहुण्यांस ‘सुजन सभासद’ आणि त्यांची सोय पाहणाऱ्या तरुण मंडळींस ‘सुजन संयोजक’ अशा अर्थाचीं नांवें होतीं. दोघेही एकाच टेबलावर जेवावयास बसत. अंगावर पोहण्याचा पोशाख आणि जवळ पैसा नाहीं, अशा स्थितींत कारखानदार कोण आणि कारकून कोण हें ओळखावें कसें? पैसा दृष्टीआड केला म्हणजे माणसामाणसांतील भेदही दृष्टीआड होईल, अशी त्यांत आशा होती. ती भाबडी असेल. पण ती क्षुद्र नव्हती.

हीच कल्पना वेस्ट इंडीजमधील जमैका बेटावर वेगळ्या रीतीनें फोफावली. त्या बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, ओचो रिओसजवळ, १९४९ सालीं ‘टॉवर आइल’ नांवाचें हॉटेल उघडलें होतें. १९७८ सालीं तेथें केवळ जोडप्यांसाठीं सर्वसमावेशक व्यवस्था सुरू झाली, आणि १९८१ सालीं गॉर्डन स्ट्युअर्ट यानें माँटेगो बे येथें ‘सँडल्स’चें पहिलें स्थान उघडलें. ही भूमि मात्र कोरी नव्हती. येथें गुलामांच्या श्रमांवर उंसाचे मळे उभे राहिले होते. गुलामगिरी १८३४ सालीं कायद्यानें संपली व खरीखुरी सुटका १८३८ सालीं झाली. पुढें १८४५ पासून मळ्यांवर काम करण्यासाठीं हिंदुस्थानांतून करारबद्ध मजूर नेण्यांत आले. आज जमैकांत सणासमारंभाला बकऱ्याच्या मटणाची करी शिजते, ती या मजुरांची तेथें राहिलेली खूण आहे. १९५६ च्या किनारा-नियंत्रण कायद्यानें समुद्रतटाचे हक्क राजसत्तेकडे गेले व परवान्यांची पद्धति सुरू झाली; परंतु समुद्रावर जाण्याचा सर्वसाधारण हक्क जनतेला त्या कायद्यानें दिला नाहीं. १९६२ सालीं देश स्वतंत्र झाला, तरी कायदा राहिला. म्हणजे माजोर्कांतील तंबूंत जो पैसा भेद मिटविण्यासाठीं लपविला होता, तोच येथें कुंपणाच्या आंत लपला आणि कुंपणाच्या दारावर पहारेकरी होऊन बसला.

माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेंत न्यू जर्सी येथें असतो. लग्नाला पंचवीस वर्षें झालीं म्हणून तो व त्याची पत्नी अशीं दोघें जमैकाच्या उत्तर किनाऱ्यावर अशाच एका ठिकाणीं सात दिवस राहून आलीं. पुढें पुण्यास आलीं असतां त्यांनीं तेथील हकीकत सांगितली, ती मला उद्बोधक वाटली. पति म्हणाला, पहिले दोन दिवस स्वर्गसुख वाटलें. तिसऱ्या दिवसापासून मन आपोआप गणित करूं लागलें. भरलेल्या रकमेंत रोजचे किती पडले, आपण खाल्लें-प्यालें किती, आज होडींत बसलों नाहीं तर तेवढे पैसे वायां जाणार कीं काय! मग भूक नसतां जेवण आणि हौस नसतां नौकाविहार सुरू झाला. घरीं तो ‘किती खर्च झाला’ असें मोजीत असे. तेथें ‘किती वसूल झालें’ असें मोजूं लागला. हिशेब सुटला नव्हता. त्यानें केवळ तोंड फिरविलें होतें.

पत्नीचा अनुभव निराळा होता. ती नोकरी करते आणि घरही सांभाळते. ती म्हणाली, “सर, पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच सात दिवस ‘उद्यां डब्याला काय’ हा विचार डोक्यांत आला नाहीं. तिथलं जेवण फार आवडलं असं नाहीं. पण तें मला ठरवावं लागलं नव्हतं, याचाच आनंद झाला.” पुढें तिनें सांगितलें कीं, खोली आवरावयास येणाऱ्या बाईशीं तिची थोडीशी ओळख झाली. तुझीं मुलें दिवसभर कोणापाशीं असतात, असें तिनें विचारलें. बाई म्हणाली, माझ्या आईपाशीं.

या तीन स्त्रियांकडे एकत्र पाहावें, म्हणजे प्रश्नाचें खरें स्वरूप ध्यानांत येतें. एकीला विसावा मिळाला, कारण दुसरी कामावर होती. दुसरी कामावर येऊं शकली, कारण तिसरी नातवंडांना जेवूं घालीत होती. पहिलीनें पैसे भरले होते, दुसरीला पगार मिळत होता. तिसरीचें नांव मात्र कोणत्याच वहींत नव्हतें. बिनहिशेबी सुखाच्या साखळीचा मागोवा घेत गेलें, तर तिच्या शेवटीं बहुधा अशी कोणी तरी बिनहिशेबी राबणारी व्यक्ति भेटते.

आणि ती शोधण्यासाठीं जमैकापर्यंत जाण्याचें कारण नाहीं. आपल्याकडील बहुतेक पुरुषांनीं अशा विश्रामस्थानाचा अनुभव समुद्र न पाहतांच घेतलेला असतो. पान वेळेवर वाढलेलें, कपडे धुऊन ठेवलेले, आल्यागेल्याचें परभारें निभावलेलें, आणि बिल जन्मांत एकदांही पुढें न आलेलें! अशा घरांतील पुरुषाला त्या किनाऱ्यावर नवें असें काय मिळणार? त्याच्या दृष्टीनें ती केवळ जागेची अदलाबदल असते. त्याच्या पत्नीला मात्र जें मिळतें तें चैन नव्हे. तें फार दिवस थकलेलें येणें आहे. म्हणून या ठिकाणांवर विलासाचा आरोप करणाऱ्या नीतिवाद्यानें (आणि आम्हां प्राध्यापकांत असे नीतिवादी थोडे नाहींत) प्रथम आपल्या स्वयंपाकघरांत डोकावून यावें.

यावर कोणी म्हणेल, “पाहुण्यानें रोकडे पैसे मोजले, नोकराला पगार मिळाला, हजारों कुटुंबांचा चरितार्थ चालला, आतां आणखी कोणतें ऋण शिल्लक राहिलें?” आक्षेप वजनदार आहे, आणि त्याला भावनेच्या भरांत उत्तर देऊन भागणार नाहीं. ज्या देशाचें पोट पर्यटनावर बरेंच अवलंबून आहे, तेथें न जाण्यानें कोणाचेंही भलें होत नाहीं. परंतु किंमत चुकविणें आणि ऋण फेडणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. शतपथ ब्राह्मणांत मनुष्याच्या जन्मजात ऋणांत देव, ऋषि व पितर यांच्या बरोबरीनें मनुष्यांचेंही ऋण सांगितलें आहे. आणि माणसांना आसरा व अन्न देऊन तें फेडावें असें म्हटलें आहे. यांतील मर्म असें कीं, ज्यानें आपल्याला वाढलें त्यालाच तें परत करावयाचें असें नाहीं. आपणही कधीं तरी कोणाला वाढावयाचें. किंमत एकदां दिली कीं संबंध संपतो. ऋण मानलें कीं संबंध सुरू होतो. सर्व कांहीं आधींच चुकतें केलें आहे, या भावनेचा खरा धोका येथें आहे. समोरचा मनुष्य हंसून पेला पुढें करतो, तें हंसूंही आपण विकत घेतलें आहे असें वाटूं लागतें. अशा कांहीं ठिकाणीं नोकरांस बक्षिसी देण्याचीही मनाई असते. सोयीच्या दृष्टीनें तें ठीकच आहे. परंतु आपल्यासाठीं कोणी राबत आहे, याची आठवण देणारा शेवटचा क्षणही त्याबरोबर जातो.

मग अशा ठिकाणीं जाऊंच नये काय? असें मी म्हणत नाहीं. ॲरिस्टॉटलनें विश्रांति ही स्वतः साध्य नसून कार्यासाठीं आहे, असें म्हटलें आहे. आणि माझ्या मतें ही कसोटी येथें पुरेशी आहे. सात दिवस हिशेब विसरावा. थकलेल्या जिवाला त्याची गरज असते, आणि तेवढा हक्कही असतो. प्रश्न आठव्या दिवसाचा आहे. विसाव्यानंतर आपली दृष्टि अधिक तीक्ष्ण झाली काय? जें काम सात दिवस आपल्यासाठीं दुसऱ्या कोणीं केलें, तें एरवीं घरीं कोण करतें, हें दिसूं लागलें काय? माझ्या विद्यार्थ्याच्या घरीं आतां आठवड्यांतून दोन दिवस डबा पति करतो, असें त्याच्या पत्नीनें हंसत हंसत सांगितलें. तो कसा होतो, हें मीं विचारलें नाहीं. त्या खोली आवरणाऱ्या बाईच्या आईला याचा उपयोग नाहीं, हें उघड आहे. दूरचीं सर्व ऋणें हातीं लागत नाहींत. परंतु एका ऋणाची जाणीव झालेला मनुष्य दुसरें ऋण सहसा नाकारीत नाहीं. कुंपणाबाहेरच्या गांवांतून एखादी वस्तु घेतांना तो दोन पैशांसाठीं घासाघीस करणार नाहीं, आणि तेथील लोकांनीं आपल्याच समुद्रावर जाण्याचा हक्क मागितला, तर त्यांस उपद्रवी म्हणणार नाहीं.

सुखाचा प्रत्येक घोट मोजून घ्यावा, असें कोणतेंच शहाणें नीतिशास्त्र सांगणार नाहीं. तसें जगणें कृपणाचें जगणें होईल. आपल्याला न मोजतां मिळालेलें तें कोणीं तरी मोजून दिलेलें असतें, एवढें ज्याला उमगलें, त्यानें खुशाल न मोजतां घ्यावें. कारण आपली पाळी येईल तेव्हां तो न मोजतां देईलही.