अंतर आणि प्रमाद

साथीच्या काळात माणसांनी एकमेकांपासून दूर राहावे, या वैद्यकीय सूचनेला महाराष्ट्राच्या धार्मिक जीवनात एक अवघड पूर्वेतिहास आहे. भेटताच एकमेकांच्या पायांवर डोके ठेवणाऱ्या वारकऱ्यांच्या पंढरपुरातही विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण करावे लागले. त्यामुळे २०२०च्या आषाढीला संतांच्या पादुका एस.टी.ने पंढरीस गेल्या आणि पुढे मंदिर उघडल्यावरही पदस्पर्श बंद राहून भाविकांना मुखदर्शनावरच भागवावे लागले, तेव्हा हे नवे अंतर म्हणजे जुने सोवळेच होय, अशी शंका येणे स्वाभाविक होते. ती टिकत नाही. सोवळ्यात, म्हणजे कर्मकांडातील शुद्धी राखण्याच्या आचारात, विटाळ दुसऱ्याकडून येतो असे गृहीत असते. कोविडचा संसर्ग मात्र लक्षणे दिसण्यापूर्वीही पसरत असल्याने अंतर राखणाऱ्याला आधी स्वतःविषयीच संशय घ्यावा लागतो.

असा संशय फार दिवस जागा राहत नाही. रुग्णसंख्या उतरली की रांगेत आखलेली वर्तुळे पुसट होतात, मुखपट्टी हनुवटीवर येते, आणि अनोळख्यापासून अजूनही दूर सरकणारा माणूस मावसभावाच्या शेजारी खुशाल पंगतीला बसतो, जणू विषाणू नातेगोते पाहून येतो. जैन विचाराच्या दृष्टीने ही ढिलाई किरकोळ नाही. जैन आचार्य उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त हिंसेच्या व्याख्येतच ‘प्रमाद’, म्हणजे सावधपणाचा अभाव, गोवलेला आहे. कुंदकुंदाचार्यांच्या ‘प्रवचनसारा’त तर जीव मरो वा वाचो, निष्काळजीपणे वागणाऱ्याला हिंसेचा दोष लागतोच, असा निर्वाळा आहे. उलट, पुढची चार हात जमीन न्याहाळत चालणाऱ्या साधूच्या पायाखाली नकळत एखादा कीटक आला, तरी तेवढ्याने त्याला कर्मबंध होत नाही. ‘मागच्या लग्नाला गेलो, काही झाले नाही’ हा सैलावलेल्या सवयीचा आवडता युक्तिवाद या कसोटीवर निकामी ठरतो.

गृहस्थाला साधूइतकी दक्षता झेपणार नाही, हे जैन परंपरेने ओळखले आहे, म्हणूनच तिने साधूंच्या महाव्रतांखेरीज गृहस्थांसाठी अणुव्रते, म्हणजे मर्यादित व्रते, सांगितली; लोकलने कामावर जाणाऱ्याला सहा फुटांचे अंतर कोठून मिळणार? जेवढे हाती होते तेवढे सांभाळूनही आजार आईवडिलांपर्यंत पोहोचला आणि त्याची बोचणी ज्यांना लागून राहिली, त्यांना या विचारानुसार हिंसेचा दोष लागत नाही. तो लागतो ज्या पंगतीनंतर सुदैवाने कोणीच आजारी पडले नाही, तेथे बेफिकीर बसलेल्यांना.