जोडणाऱ्याने मऊ व्हावे

कठीण केलेला 410 जातीचा स्टेनलेस स्टीलचा दांडा तडकला, तर जाणता वेल्डर थंड धातूला एकदम हात घालीत नाही. प्रथम तो दांडा सुमारे 200 ते 300 अंश सेल्सिअस तापवितो, मग जोडून सावकाश निवू देतो. घाई केल्यास सांध्याची कड ठिसूळ होते; तडा कधी दुसऱ्या दिवशीही उघडतो. नंतर भट्टीत तापविण्याची सोय नसेल, तर तो 309 जातीचा मऊ धातू भरतो. तो ताण सोसतो. कड मात्र कठीणच राहते, म्हणून दांड्यावर भार बेताने घालावा.

चुकलेल्याला सौम्यतेने सावरा, असे पौल गलतीकरांस सांगतो. मन कठीण झालेल्या बंधूकडे आधी प्रीतीची ऊब घेऊन जा. ताण तुम्ही सोसा. दुसऱ्या दिवशीही त्याची विचारपूस करा, आणि लगेच त्याच्यावर भार टाकू नका.