देवी आल्या आणि देवी काढल्या

बेंजामिन फ्रँक्लिन यांचा फ्रान्सिस नावाचा मुलगा १७३६ साली देवीच्या रोगाने वारला. वय अवघे चार वर्षांचे. गाईच्या देवीची लस त्या काळी निघाली नव्हती. रोग्याच्या फोडातील पू निरोगी माणसाच्या कातडीत घालून सौम्य देवी आणण्याची रीत होती. फ्रँक्लिन त्या रीतीचे पुरस्कर्ते. तरी मुलास टोचावयाचे राहून गेले. त्याचा पश्चात्ताप त्यांनी आत्मचरित्रात नमूद केला आहे. टोचल्याने मूल दगावले तर आपण स्वतःस क्षमा करू शकणार नाही, असे म्हणणाऱ्या आईबापांस त्यांचे सांगणे असे की, पश्चात्ताप दोन्हीकडे सारखाच. मग कमी धोक्याची वाट धरावी.

हिशेब बिनतोड आहे. परंतु मन हिशेबाने चालत नाही, आणि ते केवळ अडाणीपणामुळे, असे आम्हांस वाटत नाही. टोचण्याने दोनशांत एक मरेल असे धरूनही माणसाचे सरासरी आयुष्य सुमारे ३ वर्षांनी वाढते, असे दानिएल बर्नूली या गणितज्ञाने १७६० साली पॅरिसच्या अकादमीपुढे मांडले. दालांबेर यांनी हरकत घेतली की, वाढणारी वर्षे आयुष्याच्या पार शेवटी पदरात पडणार. धोका मात्र आजचा. आणि दालांबेर टोचण्याचे विरोधक मुळीच नव्हते!

आपल्याकडे रोग झाला म्हणजे ‘देवी आल्या’ म्हणत, टोचले म्हणजे ‘देवी काढल्या’ म्हणत. सारा पेच या दोन क्रियापदांत आहे. आलेल्या देवींचा जाब कोणास विचारावयाचा? त्यांची ओटी भरावी. काढलेल्या देवींनी अपाय झाला, तर बोट दाखवावयास माणूस सापडतो. मुंबईत तयार झालेली प्लेगची लस टोचल्यावर १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल येथे १९ माणसे धनुर्वाताने दगावली. हाफकिन यांस कामावरून दूर करण्यात आले. त्यांची निर्दोषता मान्य व्हावयास १९०७ साल उजाडले. लस न घेता जे प्लेगाने गेले, त्यांच्यासाठी कोणावर ठपका आल्याचे आम्ही कोठे वाचले नाही. न करणे हेही एक करणेच आहे, एवढे तरी आईबापांनी मनाशी कबूल करावे. शिवाय देवीचा रोग शेजारच्या घरी जाताना तेथल्यांची संमती विचारीत नसे. तेव्हा ही निवड सर्वस्वी खाजगी कधीच नव्हती. इंग्लंडने १८५३ साली बालकांस टोचण्याची सक्ती केली आणि १८९८ साली सदसद्विवेकबुद्धीने नकार देणाऱ्यांस सूट दिली. आमच्या मते सूट शहाणपणाची होती. पण विवेक म्हणजे नुसती भीती नव्हे.

आणि पारडे एका जागी स्थिरही राहत नाही. अमेरिकेत देवीचा रोग उरला नाही, लसीचा क्वचित होणारा अपाय मात्र उरला. म्हणून १९७२ साली तेथे सरसकट टोचणे बंद झाले. लस तीच, अपाय तोच. बदलला तो रोग. १९८० साली जगातूनच देवीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. आज जन्मणाऱ्या मुलाच्या दंडावर तो वण नसतो. आमच्या दंडावर आहे. तो धोका आमच्या वतीने आमच्या आईने पत्करला. आम्हांस विचारण्याजोगे आमचे वयच नव्हते.